गिचमिड म्हणजे व्हायरस नव्हे

हिंजवडीतल्या सर्व्हर रूममधला राउटर रात्री दोनला गप्प झाला, तरी कोथरूडहून तिथवर पळायची गरज नसते. रॅकमध्ये सीरिअल पोर्ट स्विच, म्हणजे अनेक उपकरणांच्या सीरिअल तारा एकत्र आणून दुरून वापरू देणारी पेटी, असला की झालं. राउटरच्या कन्सोलची, म्हणजे थेट आज्ञा देण्याच्या पोर्टची, तार त्यात खोचलेली असते. घरून एसएसएचने (दूरच्या यंत्रात सुरक्षितपणे शिरायची सोय) स्विचमध्ये शिरायचं, पोर्ट निवडायचा, एंटर दाबायचा. स्विचला वेगळं फोर-जी मोडेम दिलं असेल, तर ऑफिसचं नेटवर्क कोलमडल्यावरही ही वाट उघडी राहते.

कधी स्क्रीनवर नुसती गिचमिड उमटते. लगेच कुणीतरी म्हणतं, "व्हायरस!" खंडेनवमीला रॅकला हळदकुंकू वाहिलं नाही म्हणून, असंही ऐकलंय. (वाहा हवं तर, पण पंख्यांपासून लांब.) बहुतेकदा दोन टोकांचा बॉड रेट, म्हणजे सेकंदाला किती बिट जातात तो वेग, जुळत नसतो, एवढंच.

अशा सीरिअल जोडणीचं आरएस-२३२ हे मानक १९६० चं. कन्सोलच्या जोडणीत घड्याळाचे ठोके पोचवणारी तारच नसते. दोन्ही उपकरणं आपापल्या घड्याळावर चालतात. मग मेळ कसा बसतो? रिकामी तार '१' वर, म्हणजे ऋण व्होल्टेजवर असते. अक्षर निघताना ती '०' वर उडी घेते. हा स्टार्ट बिट. तबलजीला सम सापडावी तसा तो घेणाऱ्याला सापडतो. ९६०० बॉडला एक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंद टिकतो. घेणारा अर्धा बिट थांबतो आणि मग दर १०४ मायक्रोसेकंदांनी, बिटच्या ऐन मध्यावर, तार वाचतो. आठ बिट, शेवटी '१' असलेला स्टॉप बिट, आणि पुढच्या अक्षराला पुन्हा नवी सम. चूक साठायला जेमतेम साडेनऊ बिटांचा वेळ मिळतो. ती अर्ध्या बिटाच्या आत राहिली की भागतं, म्हणजे कागदावर घड्याळांतला पाचेक टक्के फरक खपतो.

दुपटीचा फरक मात्र खपत नाही. राउटरने ९६०० ने कॅपिटल 'यू' पाठवला, तर तारेवर ०१०१०१०१०१ जातं. स्विच १९२०० वर असेल तर तो प्रत्येक बिट दोनदा वाचणार: ००११००११००. पहिला शून्य स्टार्ट, मधले ०११००११० म्हणजे स्मॉल 'एफ', आणि स्टॉप बिटच्या जागी '०', म्हणजे फ्रेमिंग एरर: अक्षराचा शेवट जागेवर सापडला नाही.

म्हणून पोर्टनिहाय सेटिंग पाहायचं. सिस्को राउटर सहसा ९६००, आठ बिट, पॅरिटी (चूक ओळखायचा जादा बिट) नाही, एक स्टॉप बिट यावर येतात. बऱ्याच लिनक्स उपकरणांना ११५२०० लागतो. तीनच तारांची केबल असताना हार्डवेअर फ्लो कंट्रोल (वेगळ्या तारांवरून 'पाठव', 'थांब' सांगायची सोय) चालू ठेवला, तर एंटर दाबूनही सहसा गिचमिडसुद्धा दिसत नाही. स्विच 'पाठव' या खुणेची वाट बघत बसतो, आणि ती खूण आणणारी तारच नसते.

ब्रेकपासून जपा. तार एका अक्षराहून जास्त वेळ '०' वर धरली की ब्रेक होतो, आणि सन कंपनीचे जुने सर्व्हर त्यावर कामधंदा थांबवून ओके प्रॉम्प्टवर, म्हणजे थेट आज्ञेची वाट बघत, येतात. काही जुने स्विच वीज गेल्या-आल्यावर स्वतःच असा ब्रेक सोडत. आणि सेटिंग लागू करणं व सेव्ह करणं अनेक स्विचांत वेगवेगळं असतं, तेव्हा दोन्ही करा.