खवले मांजराची तस्करी व तिचा प्रतिबंध

खवले मांजर हा मुंग्या-वाळवीवर जगणारा, निशाचर, बिनदाताचा सस्तन प्राणी. जगभर सर्वाधिक तस्करी होणाऱ्या वन्य सस्तन प्राण्यांत त्याची गणना होते. भारतात दोन जातींचा व्यापार चालतो. ‘भारतीय खवले मांजर’ महाराष्ट्र-गोव्यासह बहुतेक देशभर आढळते, तर ‘चिनी खवले मांजर’ ईशान्येकडे आढळते. पूर्ण वाढलेल्या भारतीय खवले मांजराचे वजन साधारण 10 ते 16 किलो असते आणि त्यात खवल्यांचा वाटा जवळपास पाचवा हिस्सा. धोका दिसला की ते अंगाचे वेटोळे करते. बिबट्यापुढे ही युक्ती चालते. माणूस मात्र ते वेटोळे तसेच उचलून पोत्यात घालतो. मादी एका वेळी बहुधा एकच पिल्लू देते, त्यामुळे एखाद्या डोंगरातली चार-पाच जनावरे गेली की ती जागा वर्षानुवर्षे रिकामी राहते. बंदिवासात त्यांची पैदास अवघड असते. भुवनेश्वरच्या नंदनकानन प्राणिसंग्रहालयातील प्रजनन केंद्र हा मोजक्या अपवादांपैकी एक.

खवले केराटिनचे असतात, म्हणजे आपल्या नखांसारखेच, आणि त्यांचा औषधी गुण सिद्ध झालेला नाही. तरीही चीन व व्हिएतनाममधील पारंपरिक औषधांसाठी त्यांना मागणी राहिली. चीनने 2020 मध्ये अधिकृत औषधसूचीतून खवले वगळले, पण काही तयार औषधांतून त्यांचा वापर पूर्णपणे हटला नाही. एप्रिल 2019 मध्ये सिंगापूरला एका आठवड्यात दोन कंटेनरांतून मिळून 25 टनांहून अधिक खवले पकडले गेले. ते नायजेरियातून व्हिएतनामकडे चालले होते. भारतातला माल मुख्यतः सिलिगुडी आणि मणिपूरमधील मोरे या वाटांनी सीमेपार जातो.

महाराष्ट्रातला व्यापार मात्र निराळा आहे. येथे जिवंत जनावराला अधिक भाव सांगितला जातो आणि त्यामागे पैशांचा पाऊस, गुप्तधन असली बुवाबाजी असते. वन्यजीव व्यापारावर नजर ठेवणाऱ्या ‘ट्रॅफिक’ या संस्थेच्या पाहणीनुसार 2018 ते 2022 या काळात देशात 342 कारवायांत 1,203 खवले मांजरांचा माल (जिवंत, मृत वा अवयव) सापडला. ओडिशात 74 कारवायांत 154, त्याखालोखाल महाराष्ट्रात 47 कारवायांत 135. हे आकडे पकडलेल्या मालाचे आहेत, हे वाचताना विसरू नये.

कायदा कडक आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या अनुसूची 1 मध्ये हा प्राणी येतो. शिक्षा किमान 3 व कमाल 7 वर्षे कैद, आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर किमान 25,000 रुपये दंड. पकडणे, सापळा लावणे, तसा प्रयत्न करणे हे सारे ‘शिकार’ या व्याख्येत येते, म्हणून ‘मारले नाही, नुसते पाळले’ हा बचाव टिकत नाही. कलम 57 प्रमाणे, ताब्यातला माल बेकायदा नाही हे आरोपीने सिद्ध करायचे असते. आंतरराष्ट्रीय पातळीवर ‘साइट्स’ या वन्यजीव व्यापारविषयक कराराच्या 2016 मधील जोहान्सबर्ग परिषदेत सर्व आठ जाती परिशिष्ट 1 मध्ये गेल्या व व्यापारी उलाढाल बंद झाली.

एवढे असूनही खटले पडतात, आणि ते बहुधा पहिल्या काही तासांतल्या कागदांमुळे पडतात. कारवाई सहसा खबऱ्याच्या माहितीवर, बनावट गिऱ्हाईक पाठवून होते. माल हाती येताच स्वतंत्र पंच हवेत. नेहमीचेच दोन पंच प्रत्येक पंचनाम्यावर दिसले तर उलटतपासणीत ते पहिले मोडतात. झडती-जप्तीचे चित्रीकरण आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 ने बंधनकारक आहे. खवले मोजावेत, तोलावेत, वजन ओले की सुके ते लिहावे. हे शेवटचे अनेकदा राहून जाते, मग वाळून घटलेले वजन न्यायालयात ‘मुद्देमाल बदलला’ या आरोपाचे कारण ठरते. नमुने कागदी पाकिटात ठेवावेत. प्लॅस्टिकमध्ये ओल धरते, बुरशी येते आणि डीएनए खराब होतो. मुळाशी सुकलेले मांस वा कातडी चिकटलेला खवला निवडावा, कारण नुसत्या केराटिनातून डीएनए जेमतेम मिळतो. पाकिटावर पंचांच्या सह्या, लाखेचे सील आणि सीलचा ठसा पंचनाम्यावरही. नमुना देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेकडे किंवा हैदराबादच्या सीसीएमबी (पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्र) या प्रयोगशाळेकडे जातो. तो कोणी, केव्हा, कोणाकडे दिला याची साखळी एका ठिकाणी तुटली तरी अहवालाला किंमत उरत नाही. आरोपीचा मोबाइल लगेच बंदिस्त करून सील करावा. त्यातले संभाषण पुराव्यात आणायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र जोडावे लागते.

पोलिसांनी पकडलेल्या प्रकरणात आणखी एक खड्डा असतो. नुसत्या दोषारोपपत्रावर न्यायालय वन्यजीव अधिनियमाखालील गुन्ह्याची दखल घेऊ शकत नाही. कलम 55 प्रमाणे प्राधिकृत अधिकाऱ्याची फिर्याद लागते. त्यामुळे वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला पहिल्याच दिवशी बोलावून वनगुन्हा नोंदवलेला बरा. सहायक वनसंरक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने कलम 50 खाली, आरोपीच्या समक्ष नोंदवलेला जबाब पुढे पुरावा म्हणून ग्राह्य ठरतो. ही सवलत पोलिसांना नाही.

जिवंत जनावर हा मुद्देमालच असला तरी त्याला पोलीस ठाण्यात ठेवून भागत नाही. छायाचित्रासाठी वेटोळे उलगडू नये. दूध, अंडी, खिमा देऊ नये. हा प्राणी ताणाने व निर्जलीकरणाने लवकर मरतो. हवेशीर, अंधाऱ्या, मजबूत लाकडी पेटीत, माती घालून, पाण्याचे पसरट भांडे देऊन ठेवावे (साधा पुठ्ठा तो नखांनी मिनिटांत फाडतो). पशुवैद्याने फासाच्या जखमा व निर्जलीकरण तपासावे, आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी त्याच दिवशी मागून, शक्यतो पकडले त्याच परिसरातील जंगलात, रात्री सोडावे. मूळ ठिकाण आरोपीकडून तातडीने काढून घ्यायचे ते यासाठी.

याच दलालांच्या जाळ्यात मांडूळ, स्टार कासव आणि घोरपडही फिरते. ‘हत्ता जोडी’ या नावाने पूजासाहित्याबरोबर विकली जाणारी तथाकथित वनस्पतीची मुळी ही प्रत्यक्षात नर घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय असते. समाजमाध्यमांवरील अशा विक्रीविरुद्ध केंद्रीय वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोने ‘वाइल्डनेट’ ही मोहीम चालवली. ब्युरोचे पश्चिम विभागाचे कार्यालय मुंबईत आहे.

कोकणात गाव पातळीवरचे काम अधिक परिणामकारक ठरताना दिसते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने रत्नागिरी जिल्ह्यात बिळांच्या नोंदी, ट्रॅप कॅमेरे व गावबैठका यांची सांगड घातली. डुगवे गावाने 2020 मध्ये खवले मांजराची प्रतिकृती पालखीत बसवून ‘खवलोत्सव’ साजरा केला. ज्या गावात बीळ कोणाच्या आंब्याखाली आहे हे सर्वांना ठाऊक असते, तिथे बाहेरचा शिकारी लपत नाही. उलट ‘कोट्यवधींचे खवले मांजर जप्त’ अशा मथळ्यांनी नुकसानच होते. पकडलेल्यांपैकी बऱ्याच जणांकडे खरे गिऱ्हाईक नसतेच. ऐकीव भावावर विसंबून त्यांनी जनावर धरलेले असते. त्यामुळे जप्तीच्या प्रसिद्धिपत्रकात किंमत न देणे हाही प्रतिबंधाचाच भाग मानावा. बीळ उकरलेले, फासे लावलेले किंवा विक्रीची बोलणी चाललेली आढळल्यास महाराष्ट्रात वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवता येते. स्वतः गिऱ्हाईक बनून खात्री करायला जाणारा अनेकदा आरोपींच्याच यादीत सापडतो.