गोव्याला निघालेली गाडी

अख्खं घर एका गाडीत कोंबायचं, गाडी हमरस्त्याला लावायची आणि मग एकेक गोष्ट बिघडवत न्यायची. फसलेल्या सहलीच्या विनोदी चित्रपटाचा हा जुना धंदा. हिंदीत अशा गाडीला जायचं ठिकाण विचारलं की पहिलं उत्तर गोवा हेच येतं. गोव्यात राहणाऱ्यांना त्याची गंमत वाटते, कारण गोवा नावात असतो, गाडीच्या पाटीवर असतो, पण गाडी पोचेपर्यंत चित्रपट संपत आलेला असतो.

सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येतो तो १९७२ सालचा ‘बॉम्बे टू गोवा’. ‘जंजीर’च्या आदल्या वर्षीचा, तोवर सूड उगवायला न लागलेला अमिताभ बच्चन, खुनाची साक्षीदार म्हणून पळालेली अरुणा इराणी, आणि राजेश-खन्ना नावाची ड्रायव्हर-कंडक्टरची जोडी. राजेश म्हणजे अन्वर अली आणि खन्ना म्हणजे मेहमूद. त्या वेळच्या सुपरस्टारला मारलेली ही कोपरखळी थिएटरात कुणाला समजावून सांगावी लागली नसणार. चित्रपट मूळचा तमिळ, १९६६ सालचा ‘मद्रास टू पाँडिचेरी’. हिंदीत येताना मद्रासची मुंबई झाली आणि पाँडिचेरीच्या जागी गोवा बसला.

ही अदलाबदल मला फार नेमकी वाटते. पाँडिचेरीचा कारभार फ्रेंचांकडून १९५४ साली भारताकडे आला, गोवा १९ डिसेंबर १९६१ला पोर्तुगिजांच्या तावडीतून सुटला. निघायची शहरं दोन्ही दारूबंदी भोगलेली, आणि पोचायची गावं दोन्ही परवापरवापर्यंत परक्या राजवटीतली, समुद्राकाठची, सैल हाताची समजली जाणारी. प्रवाशांच्या मनातला निम्मा गोवा तिथूनच आलेला आहे.

शिवाय अशी सहल दहा-बारा वर्षं आधी निघूच शकली नसती. १५ ऑगस्ट १९५५ला पत्रादेवीच्या सीमेवर सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या. त्यानंतर भारत सरकारने गोव्याची कोंडी केली आणि येणंजाणं जवळपास थांबलं. मुंबईतल्या कितीतरी घरांची कुलदैवतं इथे, मंगेशीला, कवळ्याला, म्हार्दोळला, आणि दर्शनाला यायची सोय नाही. मुक्तीनंतर घरंच्या घरं आली ती आधी देवाला अभिषेक करायला. बीच वगैरे नंतर. १९७२च्या प्रेक्षकाला मुंबईची बस थेट गोव्यात शिरते, यातच नवलाई होती.

आणि ती बसच होती, हेही महत्त्वाचं. अमेरिकेत हा प्रकार घरच्या मोटारीतून वाढला. १९५६च्या कायद्याने तिथे महामार्गांचं जाळं विणायला घेतलं आणि सुट्टी म्हणजे शेकडो मैल गाडी हाकणं असं समीकरण झालं. त्याची टिंगल जॉन ह्यूजने एका कथेत केली आणि तिच्यावरून १९८३ साली ‘नॅशनल लॅम्पून्स व्हेकेशन’ आला: म्हातारी मावशी वाटेत दगावते, तिला टपावर बांधून गाडी पुढे निघते, आणि एवढा देश पालथा घालून ज्या करमणूक-पार्कसाठी निघाले तिथे पोचावं तर पार्क बंद! ‘लिटल मिस सनशाइन’ (२००६) मध्ये आजोबा जातात आणि गाडी ढकलल्याशिवाय सुरूच होत नाही. त्याच १९८३च्या डिसेंबरात आपल्याकडे पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली. तोवर मध्यमवर्गीय घराला भांडायला स्वतःची गाडीच नव्हती. ते भांडत होतं चाळीस परक्यांच्या देखत, भज्यांसाठी रडणाऱ्या पोराच्या आणि तिकिटाच्या हिशेबाच्या साक्षीने. मराठीत ‘नवरा माझा नवसाचा’ (२००४) त्याच वाटेने गेला: गणपतीपुळ्याची एसटी, एक अवघडलेला नवस, आणि कंडक्टर अशोक सराफ.

बिघाड गोव्यातही पुरेसा होता, तो पडद्यावर फारसा आला नाही. १९८३ला झुआरीवर पूल झाला त्याआधी आगशीला गाडी थांबवायची आणि पलीकडे कुठ्ठाळीला उतरायचं ते फेरीबोटीने. फळी खाली पडते, खलाशी हात हलवत ओरडतो, मागची गाडी हॉर्न वाजवते, मुलं मासे दिसतात का म्हणून कठड्याला लोंबकळतात आणि आजी खाली उतरायला साफ नकार देते. १९८६च्या जुलैत मांडवीवरचा पूल कोसळला आणि नवा होईपर्यंत पणजी-बेतीला हाच तमाशा रोज चालला. परतीला महाराष्ट्राच्या हद्दीत दारूसाठी गाड्या तपासणारा इन्सुलीचा चेकनाका: आजीच्या नऊवारीखाली गुंडाळलेली फेणीची बाटली आणि गाडीत एकदम पसरलेली शांतता. हा प्रसंग लिहायला लेखक लागत नाही, नुसता ऐकून उतरवायचा.

गोव्यातल्या गोव्यात रस्ता चुकवणारा ‘फाइंडिंग फॅनी’ २०१४ला आला. कधी पोचलंच नाही अशा पत्राच्या मागे निघालेले पाच जण, एक जुनाट गाडी आणि पोकोली नावाचं काल्पनिक गाव. मंडळी एका कुटुंबातली नसली तरी एकमेकांना कावण्याची सवय घरचीच. मात्र तोही मुख्यतः कॅथलिक गोवा.

मला बघायचाय तो उलटा प्रवास. फोंड्याचं एखादं घर भाड्याची गाडी करून पंढरपूर-शिर्डीला निघतं, चोर्ला घाटातच दोघांना उलट्या होतात, बेळगावात जेवायला थांबलं तर बाबांना माशाशिवाय घास उतरत नाही, आणि आई पिशवीतून सुक्या बांगड्याची किसमूर, म्हणजे खोबरं घातलेली कोशिंबीर, काढते. तीही ऐन एकादशीला.