मायटर सॉ आणि डावा हात : पार्श्वभूमी

दाराच्या चौकटीला किंवा फोटोफ्रेमला पट्टी लावताना कोपऱ्यावर दोन टोकं भेटतात. दोन्ही ४५ अंशांत कापलेली असली तरच काटकोन जुळतो. अर्धा अंश इकडेतिकडे झाला की कोपऱ्यात फट उघडते आणि भुशात फेव्हिकॉल कालवून ती बुजवावी लागते. हा तिरपा काप दरवेळी सारखा यावा, एवढ्याच गरजेतून आजची कंपाउंड मायटर सॉ, म्हणजे तिरपे काप घेणारी विजेची करवत, घडत गेली. ती वापरण्याचे सुरक्षेचे नियमही त्याच वाटेवर तयार झाले. वाटेतला प्रत्येक टप्पा माहीत असला की नियम पाठ करावे लागत नाहीत, ते समजतात.

सुरुवात मायटर बॉक्सपासून होते. तीन फळ्यांची, वरून उघडी अशी लाकडी पेटी आणि तिच्या दोन्ही भिंतींना ४५ व ९० अंशांच्या खाचा. डाव्या हाताने पट्टी भिंतीला दाबायची आणि उजव्या हाताने खाचेतून करवत चालवायची. लाकडी खाचा घासून रुंद होत आणि कोन ढिला पडे. त्यावर उपाय म्हणून लोखंडी सांगाडा आणि करवतीला धरून ठेवणारे मार्गदर्शक खांब आले. अमेरिकेत लँग्डन यांनी १८६४ मध्ये अशा पेटीचं पेटंट घेतलं. या कामात डाव्या हाताला फारसा धोका नव्हता. पातं कारागिराच्याच दंडाच्या जोरावर चालत होतं, त्यामुळे हात थांबला की तेही थांबत असे.

वीज आली आणि हे नातं तुटलं. न्यू जर्सीतल्या एका लाकूड गिरणीत काम करणाऱ्या रेमंड डीवॉल्ट यांनी १९२२ मध्ये आडव्या भुजेला लटकणारी गोल करवत बनवली. ‘वंडर वर्कर’ नावाच्या या रेडियल आर्म सॉचं पेटंट त्यांना १९२५ मध्ये मिळालं. सरळ, तिरपा, कलता असे सगळे काप एकच माणूस एकाच जागी करू लागला. मात्र पातं लाकडाच्या मागून स्वतःकडे ओढत कापावं लागे आणि दात त्याच दिशेने फिरत. त्यामुळे ते लाकडावर चढून कारागिराच्या अंगावर धावून येई. घरगुती वापराच्या अशा यंत्रांना पातं पूर्ण झाकणारं गार्ड नव्हतं. अखेर २००० साली अमेरिकेत अशी सुमारे ३७ लाख यंत्रं दुरुस्तीसाठी परत बोलावण्यात आली.

१९६४ मध्ये रॉकवेल कंपनीने वेगळी मांडणी बाजारात आणली. जुन्या मायटर बॉक्ससारखी बैठक आणि मागची भिंत तशीच ठेवली. वर बिजागरीवर मोटर बसवली आणि पातं वरून खाली उतरवलं. पुढे मोटर आणि पात्याचं हे डोकं बाजूला कलू लागलं आणि यंत्राला ‘कंपाउंड’ हे नाव मिळालं. छताच्या कडेला भिंतीशी तिरकी बसणारी मोल्डिंग पट्टी बैठकीवर आडवी ठेवून कापायची, तर दोन कोन एकदम लागतात. भिंतीशी ३८ अंश करणाऱ्या प्रचलित पट्टीला काटकोनी कोपऱ्यासाठी बैठक ३१.६ अंश फिरवायची आणि डोकं ३३.९ अंश कलवायचं. म्हणूनच कित्येक यंत्रांच्या चकतीवर ३१.६ वर अडणारी खाच असते.

त्यानंतर रुंद फळ्यांसाठी डोकं दांड्यांवर सरकू लागलं. इथे रेडियल आर्मचा धडा उलटा वळवला गेला. डोकं आधी रिकामंच स्वतःकडे ओढायचं, मग खाली उतरवायचं आणि पुढे ढकलत कापायचं. असं केल्याने दात लाकडाला मागच्या भिंतीकडे दाबतात. ज्याने ओढत कापायची सवय लावून घेतली, त्याने शंभर वर्षांपूर्वीचा धोका पुन्हा ओढवून घेतला.

डावा हात मात्र अजून १८६४ मध्येच आहे. तो तसाच पट्टी दाबतो, पण आता शेजारचं १० इंची पातं मिनिटाला ५,००० फेरे घेत असतं. त्याच्या दाताचा वेग ताशी सुमारे २४० किलोमीटर होतो. म्हणून हात पात्यापासून १५ सेंटिमीटरच्या आत न्यायचा नाही आणि हातांची कात्री करायची नाही, म्हणजे एक हात दुसऱ्यावरून पलीकडे न्यायचा नाही. छोटा तुकडा हाताने न धरता क्लॅम्पने आवळायचा. हातमोजे तर घालायचेच नाहीत, कारण धागा अडकला की त्यामागून बोटंही खेचली जातात. काप झाला की बटण सोडायचं, डोकं खालीच ठेवायचं आणि पातं पूर्ण थांबल्यावर उचलायचं. फिरतं पातं उचलताना उरलेला तुकडा दातात सापडतो आणि गोळीसारखा सुटतो.

भारतात १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या २१व्या कलमाने यंत्रांच्या धोकादायक भागांना कुंपण सक्तीचं केलं. पण विजेवर चालणाऱ्या जागेला ‘कारखाना’ म्हणायला मूळ कायद्यात १० कामगार लागत. फ्लॅटमध्ये फर्निचर करणारे तीन-चार सुतार त्या व्याख्येत बसलेच नाहीत. अशा ठिकाणी तारेने वर बांधून टाकलेलं गार्ड मी पाहिलं आहे. कारण विचारलं तर उत्तर एकच : रेघ दिसत नाही. पारदर्शक गार्ड भुशाने धुरकट झालेलं असतं. साबणाच्या पाण्याने आणि मऊ फडक्याने ते पुसणं हे पाच मिनिटांचं काम आहे. मला तरी ते देखभालीतलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. भुसा फुप्फुसांतही जाऊ द्यायचा नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग करणारी ठरवलं. मास्क आणि धूळ ओढणारी नळी त्यासाठीच आहे.

पात्याच्या दातांची गोष्ट जर्मनीतली आहे. दात ज्या टंगस्टन कार्बाइडचे असतात त्याचं पेटंट १९२३ चं, आणि क्रुप कंपनीने १९२७ मध्ये ते ‘विडिया’, म्हणजे ‘हिऱ्यासारखं’, या नावाने विकायला काढलं. आपल्याकडच्या वर्कशॉपमध्ये आजही विडियाच म्हणतात. हे दात कठीण आहेत तसेच ठिसूळही आहेत. फरशीवर पडलेलं पातं तपासल्याशिवाय बसवू नये. त्यांवर राळ आणि प्लायचा गोंद साचला की लाकूड करपतं आणि हाताचा जोर वाढतो. तेव्हा प्लग काढून पातं उतरवावं, राळ विरघळवणाऱ्या द्रवात भिजवावं आणि नायलॉनच्या ब्रशने साफ करावं. बसवताना पात्यावरचा बाण गार्डवरच्या बाणाशी जुळलेला हवा.

कोनाची तपासणी गुण्याने, म्हणजे काटकोन तपासायच्या साधनाने, होतेच, पण फळी उलटून ती आणखी नेमकी होते. सरळ, समांतर कडांची रुंद फळी ९० अंशांत कापायची. मग एक तुकडा उलटा करून त्याची दुसरी कड भिंतीला टेकवायची आणि कापलेली टोकं एकमेकांना भिडवायची. चूक असेल तर फट तिच्या दुप्पट दिसते. भिंतीचे बोल्ट सैल करायचे, फटीच्या निम्म्या अंदाजाने भिंत सरकवायची आणि बोल्ट पुन्हा आवळायचे.