भरतीवाला काय बोलला आणि कागदावर काय होतं

भरती निघाली की गावात दोन माणसांना भाव येतो. एक पेन्शन आलेले सुभेदार, ते पहाटे ग्राउंडवर उभे राहून सांगतात की सोळाशे मीटर साडेपाच मिनिटाच्या आत मार मग पुढचं बघू, आणि दुसरा तो ज्याची म्हणे "वर ओळख" असते. हा पळण्याबिळण्याचं काही बोलत नाही, हा फक्त आकडा बोलतो. पोरगं आणि फौज यांच्या मधे उभा राहणारा हा माणूस काही आजचा नाही, त्याला दोन-अडीचशे वर्षं झाली, आणि मला तर भरतीचा सगळा इतिहास एकाच भांडणाचा वाटतो. तोंडी काय सांगितलं आणि नोकरीच्या अटी खरंच काय होत्या, हे ते भांडण.

मराठेशाहीत निदान एक गोष्ट सरळ होती. स्वतःचा घोडा आणलास तर तू शिलेदार, सरकारी घोड्यावर बसलास तर बारगीर, आणि दोघांचा हिशोब वेगळा. काय मिळणार हे घोड्यावरूनच कळायचं. कंपनी सरकार आलं आणि तिथून मामला गुंतागुंतीचा झाला.

कंपनीच्या बंगाल फौजेत भरती म्हणजे बरंचसं नात्यागोत्याचं काम होतं, अवध-बिहारकडचा शिपाई रजेवर गावी जायचा आणि परत येताना भाऊ, पुतण्या, शेजारचं पोर असे दोन-चार जण घेऊन यायचा. म्हणजे भरतीवाला घरचाच. पगार महिन्याला ७ रुपये, त्या काळात बरा होता, आणि वर पेन्शन आणि गावात मान. या शिपायांची एक समजूत पक्की होती की आपल्याला समुद्रापार नेणार नाहीत, कारण जातीतून बाहेर पडायची भीती. १८२४ मधे बर्माच्या लढाईसाठी निघायला सांगितलं तेव्हा बराकपूरच्या पलटणीने सामान वाहायला बैल द्या, जास्तीचा भत्ता द्या म्हणून अडून धरलं आणि त्यांच्यावर तोफा चालवल्या गेल्या. मग १८५६ मधे जनरल सर्व्हिस एनलिस्टमेंट अॅक्ट आला, यापुढे जो भरती होईल त्याने कुठेही जायची कबुली द्यायची. आता गंमत बघा, कायदा फक्त नवीन पोरांना लागू होता, जुन्यांना त्याने काहीच होत नव्हतं, तरी पोटात गोळा आला तो जुन्यांच्याच. कारण नवीन पोरं म्हणजे त्यांचेच भाऊ-पुतणे ना! पुढच्याच वर्षी काय झालं ते सगळ्यांना माहितीये, काडतुसं हे निमित्त सगळे सांगतात पण त्याच्या मागे ही अटींची धुसफूस होती हे कमी लोक सांगतात.

आपल्याकडची बॉम्बे आर्मी थोडी वेगळी. आजच्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण, जिला जंगी पलटण म्हणतात, ती १७६८ ची. बॉम्बे आर्मीत कोकणातली आणि देशावरची पोरं असायची, आणि बंगालसारखी जातीची सोवळी इथे तेवढी पाळत नसत, म्हणून महार शिपाई मोठ्या संख्येने होते. १ जानेवारी १८१८ ला भीमा कोरेगावला कंपनीकडून जी पलटण लढली तिच्यातही होते. घरात दोन-तीन पिढ्या फौजेत, पोरांना पलटणीच्या शाळेत शिक्षण, असं सगळं बसलेलं होतं. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार त्याच परंपरेतले, बाबासाहेबांचा जन्मच महूच्या छावणीतला, १८९१ चा.

आणि नेमकं त्याच सुमाराला दार बंद झालं. लॉर्ड रॉबर्ट्स १८८५ ते १८९३ हिंदुस्थानचे सरसेनापती होते, त्यांच्या डोक्यात लढाऊ जमातींचं खूळ होतं, अमुक जात लढाऊ आणि तमुक नाही, आणि त्या हिशोबात महारांची भरती १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला थांबवली. इथे कुणी शर्यतीत मागे पडला नव्हता की छातीत कमी भरला नव्हता. फॉर्मच नाही! गोपाळबाबा वलंगकर स्वतः फौजेतले पेन्शनर, त्यांनी १८९४ मधे याविरुद्ध अर्ज तयार केला, पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी अर्जावर अर्ज केले. १९१७ मधे महायुद्धाला माणसं कमी पडायला लागली तेव्हा १११ महार्स नावाची पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर १९२१ मधे मोडली. परत दुसरं महायुद्ध, परत गरज, बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या डिफेन्स अॅडव्हायझरी कमिटीवर होते, आणि १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. ती मात्र टिकली. तुमची लायकी किती यापेक्षा सरकारची गरज किती यावर भरती चालते, हे यातून जेवढं स्वच्छ दिसतं तेवढं कशातूनच दिसत नाही.

लढाऊ जमातींच्या काळात भरतीवाल्याचं काम एकदम शास्त्रोक्त झालं. पलटणीतून एक पार्टी निघायची, हवालदार आणि दोन-तीन जवान, ते आपापल्या मुलखात जाऊन जत्रेत-बाजारात पोरं हेरायचे. गोऱ्या साहेबांसाठी जातीजातींवर हँडबुकं छापली होती, मराठ्यांवरचं १९०८ चं आहे, कुठल्या भागातले लोक कसे, कुणात भरती करावी, सगळं गुरं निवडल्यासारखं लिहिलेलं. नेपाळात ब्रिटिशांसाठी पोरं गोळा करून आणणाऱ्या जुन्या शिपायांना गल्लावाला म्हणायचे, तो डोंगरातून पोरांचा जथा घेऊन उतरायचा. आपल्याकडच्या मधल्या माणसाचा हा चुलतभाऊच म्हणायचा.

पहिल्या महायुद्धात ही पद्धत पुरेना. शिपायाचा पगार ११ रुपये होता, आणि मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या लढाईच्या, बातम्या गावोगाव पोचल्यावर कोण येतंय? मग भरती पलटणीच्या हातातून मुलकी अधिकाऱ्यांकडे सरकली. पंजाबात तर लेफ्टनंट गव्हर्नर ओडवायरच्या राजवटीत जिल्ह्याजिल्ह्याला कोटा, तहसीलदार आणि गावचे लंबरदार, म्हणजे आपल्याकडचे पाटील, भरतीवाले बनले, जमिनी आणि किताबांची लालूच एका बाजूला आणि जबरदस्ती दुसऱ्या बाजूला, त्याच्या तक्रारी १९१९ नंतरच्या चौकश्यांमधे भरपूर आल्या. आपल्याकडे सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावातले ४६ जवान त्या युद्धात मारले गेले, आजही गावाला अपशिंगे मिलिटरी म्हणतात.

याच काळातला एक किस्सा मला फार आवडतो. १९१८ मधे गांधीजी खुद्द भरतीवाले झाले होते! खेडा जिल्ह्यात पायी फिरले, सरकारला माणसं द्या म्हणून सांगत, आणि ज्या गावांनी थोड्याच दिवसांपूर्वी सत्याग्रहात त्यांना डोक्यावर घेतलं होतं त्या गावांत बैलगाडीसुद्धा मिळेना. फार थोडे लोक तयार झाले आणि गांधीजी शेवटी आजारी पडले. टिळकांचं म्हणणं वेगळं होतं. माणसं देतो, पण आमच्या पोरांना अधिकाऱ्याच्या जागा मिळतील असं सरकारने आधी कबूल करावं. जून १९१८ मधे मुंबईत गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डनच्या सभेत ते हेच राजकीय हक्कांचं बोलायला लागले तर मधेच अडवलं, ते उठून निघून गेले. पुढे त्यांनी गांधीजींना ५०,००० रुपयांचा चेक पाठवला, सरकारकडून तेवढं वचन तुम्ही मिळवा, मी महाराष्ट्रातून ५,००० माणसं देतो, नाही दिली तर हे पैसे गेले. गांधीजींनी चेक परत केला. भरतीवाल्याशी कसं बोलावं हे टिळकांकडून शिकावं, आधी तुमचं वचन दाखवा मग आमची माणसं.

दुसऱ्या महायुद्धात फौज २५ लाखांपर्यंत गेली, सगळी स्वेच्छेची म्हणतात, पण पोटाची भूक धरली तर स्वेच्छा किती हा प्रश्न राहतोच.

स्वातंत्र्यानंतर १९५० चा आर्मी अॅक्ट आला आणि त्यातलं कलम १३ प्रत्येक पोराने एकदा तरी वाचावं असं आहे. भरती करणाऱ्या अधिकाऱ्याने नोकरीच्या अटी उमेदवाराला समोर बसवून, त्याला समजेल अशा भाषेत वाचून आणि समजावून सांगायच्या, मग फॉर्ममधले प्रश्न विचारायचे, आणि खोटं उत्तर दिलंस तर शिक्षा होईल हे आधी बजावायचं. खोट्या उत्तराला कलम ४४ खाली ५ वर्षांपर्यंत कैद आहे. कलम १५ तर अजून कडक, ३ महिने पगार घेतलास की भरतीत काहीतरी चुकीचं झालं होतं म्हणून सुटका मागता येत नाही. कागदावर उमेदवाराची बाजू आहे ती कलम १३ मधे. पण कलमातलं हे वाचून दाखवणं येतं सगळं झाल्यावर, आणि "वर ओळख" वाला येतो सगळ्याच्या आधी.

त्याचं फावलं ते गर्दीमुळे. जागा राज्याच्या भरतीयोग्य पुरुषांच्या प्रमाणात वाटलेल्या, रॅलीला हजारो पोरं, आदल्या रात्री रस्त्यावर झोपायचं, पहाटे रांग, उंची १६८ सेंटिमीटरच्या खाली एक बोट भरली की घरी. मग ग्राउंड म्हणजे पळण्याबिळण्याची चाचणी, मेडिकल आणि शेवटी लेखी. एवढ्या पायऱ्या असल्या की प्रत्येक पायरीवर सेटिंग लावतो म्हणणारा एक उभा राहतोच, आणि बऱ्याचदा तो काहीच करत नाही, दहा पोरांकडून पैसे घेतो, दोघं स्वतःच्या जिवावर लागतात, त्यांचे ठेवून घेतो आणि बाकीच्यांना पुढच्या वेळेचं सांगतो. सैन्यालाही हे माहिती होतं. कॉपी नको म्हणून फेब्रुवारी २०१६ मधे मुझफ्फरपूरला पोरांना चड्डीवर बसवून पेपर घेतला, तो फोटो देशभर फिरला. आणि खरा पेपर फुटला तो पुण्यात, २८ फेब्रुवारी २०२१ ची परीक्षा देशभर रद्द करावी लागली, आणि पुढे पकडलेल्यांत सैन्यातले अधिकारीही निघाले. चड्डीवर बसवलेल्या पोरांचा यात काय दोष होता सांगा.

मग कोविड. ज्यांचं ग्राउंड आणि मेडिकल निघालं होतं ते लेखीची तारीख बघत बसले, तारीख पुढे पुढे जात राहिली, आणि १४ जून २०२२ ला अग्निपथ जाहीर होऊन ती जुनी प्रक्रियाच गेली. पोरं कोर्टात गेली. एप्रिल २०२३ मधे सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की ग्राउंड काढलं म्हणून नोकरीचा हक्क तयार होत नाही. आधी १५ वर्षांवर पेन्शन होतं, आता ४ वर्षं, त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के पुढे ठेवणार, बाकीच्यांना साधारण ११.७१ लाख सेवा निधी आणि पेन्शन नाही. पहिल्या वर्षी पगार ३०,००० लिहिलेला असतो, हातात २१,००० येतात, बाकी त्या निधीत जातात. २०२३ पासून क्रमही उलटा झाला, आधी कॉम्प्युटरवर लेखी, मग ग्राउंड. हे सगळं जाहिरातीत छापलेलं असतं, तरी ग्राउंडवर कुणीतरी छातीठोक सांगत असतो की तू लाग तर खरं, परमनंट करतातच.

नेपाळने मात्र वेगळं केलं. १९४७ मधे भारत, ब्रिटन आणि नेपाळ यांचा गुरखा भरतीचा त्रिपक्षीय करार झाला होता, २०२२ मधे नेपाळ सरकारने तोच कागद पुढे केला, म्हणाले ४ वर्षांची नोकरी यात बसत नाही, आणि भारतीय गुरखा पलटणींची नेपाळमधली भरती तिथेच थांबली.