आधी ऊब, मग दूध

भाद्रपदात गल्लीतल्या कुत्र्या माजावर येतात आणि साधारण 63 दिवसांनी, कार्तिक-मार्गशीर्षात वितात. घरच्या जातिवंत कुत्रीला बहुधा वर्षातून दोनदा माज येतो आणि त्याला ठरावीक ऋतू नसतो. रस्त्यावरच्या कुत्र्यांचा हंगाम मात्र पावसाळा सरतानाचा. त्यामुळे त्यांची पिल्लं जन्मतात ती ऐन थंडीत.

एकाच वेतात एक काळं, एक तांबूस, एक ठिपक्यांचं पिल्लू दिसतं. एका बापाची पिल्लंही अशी रंगीबेरंगी असू शकतात. पण कधी कधी बापच वेगवेगळे असतात. कुत्रीचं बीजांड बाहेर पडतं तेव्हा कच्चं असतं, ते तयार व्हायला दोनेक दिवस लागतात. नराचे शुक्राणू तिच्या शरीरात कित्येक दिवस तग धरतात. त्या मुदतीत तिच्याशी जुगलेल्या प्रत्येक नराला बाप होण्याची संधी असते.

वितानाचा गडद हिरवा स्राव पाहून पुष्कळ जण घाबरतात. वारेच्या कडेला साठलेल्या आईच्या रक्तातलं हिमोग्लोबिन मोडून तो रंग तयार होतो. पहिलं पिल्लू बाहेर आल्यावर तो दिसणं साहजिक आहे. एकही पिल्लू आलेलं नसताना दिसला, तर आत वार सुटलेली असते आणि पशुवैद्याला ताबडतोब बोलवायला हवं.

नवं पिल्लू आंधळं आणि बहिरं असतं. डोळे उघडायला 10 ते 14 दिवस लागतात. आईने पोटाखाली चाटल्याशिवाय त्याला शी-शूसुद्धा होत नाही. पण सगळ्यात मोठी उणीव ऊबेची. मोठ्या कुत्र्याचं तापमान 38-39 अंश सेल्सिअस, तर पहिल्या आठवड्यातल्या पिल्लाचं 35 ते 37. अंगावर चरबी जवळजवळ नाही आणि थंडी वाजली तरी थरथरून ऊब निर्माण करणं त्याला अजून जमत नाही. आईच्या पोटाशी आणि भावंडांच्या ढिगात शिरणं एवढा एकच उपाय त्याच्यापाशी असतो. ढिगातून बाजूला पडलेलं पिल्लू आधी किंचाळतं, मग गप्प होतं, आणि ते गप्प होणं फार वाईट लक्षण आहे.

नेमक्या याच वेळी कुणीतरी मायेने वाटीत गाईचं दूध आणतं. गारठलेल्या पिल्लाची आतडी जवळपास थांबलेली असतात, चोखण्याची ताकद गेलेली असते. तोंडात ओतलेलं दूध पोटात सडतं किंवा श्वासनलिकेत जातं. शिवाय कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा दुपटीहून जास्त चरबी आणि प्रथिनं असतात, लॅक्टोज कमी असतं; गाईच्या दुधाने पिल्लाला जुलाब लागू शकतात.

म्हणून आधी ऊब द्या. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा किंवा पिल्लू स्वतःच्या अंगाशी धरा. तासाभरात हळूहळू गरम होऊ द्या. हीटरसमोर एकदम नको. अंग ऊबदार होऊन ते तोंडाने काही शोधू लागलं, की आईच्या सडाला लावा. पहिल्या दिवसाचा चीक तर चुकताच कामा नये, कारण रोगांपासून राखणारी प्रतिपिंडं बहुतांश त्यातूनच मिळतात आणि जन्मानंतर 24 तासांत ती शोषून घेण्याची आतड्यांची क्षमता संपते. माणसाचा हात लागला म्हणून कुत्री पिल्लू टाकते हा समज बहुतेक वेळा खरा नसतो. ती परत घेते, फक्त तिच्या नजरेसमोर हळूच ठेवा आणि लांब व्हा.