फ्लास्कची मान आणि खोक्यातले तीन सेंटिमीटर

खोका उघडला तेव्हा वर फोमचे दाणे होते, त्याखाली बबल रॅपचे चार-पाच वेढे, मग कागद आणि सगळ्यात आत वॉल्युमेट्रिक फ्लास्क, म्हणजे द्रव नेमक्या मापाने घेण्यासाठीचं प्रयोगशाळेतलं काचेचं भांडं. खालचा फुगा शाबूत होता, मान मात्र मुळाशीच तुटलेली. उपसून काढलेल्या पॅकिंगचा ढीग फ्लास्कच्या कितीतरी पट मोठा झाला आणि तो सगळा कचऱ्यात गेला. एवढं कोंबूनही काच फुटली कशी, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात बसला आहे. पॅकिंग किती घातलं यापेक्षा काचेला थांबायला किती अंतर मिळालं आणि तिला कुठे धरलं होतं, यावर तिचं नशीब ठरतं.

अंतराचा हिशेब सोपा आहे. समजा, खोका 75 सेंटिमीटरवरून हातातून निसटला. जमिनीवर पोचताना त्याचा वेग सेकंदाला जवळजवळ 3.8 मीटर असतो. हा वेग कुठेतरी जिरायला हवा. फ्लास्क जर 1 मिलिमीटरमध्ये थांबला, तर त्याला गुरुत्वत्वरणाच्या साधारण 750 पट मंदन सोसावं लागतं. म्हणजे 100 ग्रॅमच्या फ्लास्कवर क्षणभर 75 किलो वजनाएवढा जोर. तोच फ्लास्क 3 सेंटिमीटरमध्ये थांबला, तर जोर सरासरी अडीच किलोवर येतो. पडण्याची उंची भागिले थांबण्याचं अंतर, इतकंच हे गणित आहे.

प्रत्यक्षात जोर सारखा लागत नाही आणि कुठलीही गादी पूर्ण जाडीभर दबत नाही. म्हणून 3 सेंटिमीटर दबायला हवी असेल, तर गादी त्याच्या साधारण दुप्पट जाड घ्यावी लागते. गादी कडक असेल तर हलकी वस्तू तिला दाबूच शकत नाही, आणि फार मऊ असेल तर जड वस्तू तिच्या तळाला जाऊन आपटते. म्हणूनच तोच फोम एका वस्तूला तारतो आणि दुसरीला मारतो. फोम वाढवण्यापेक्षा कमी करून, वस्तूच्या खाली योग्य तेवढ्याच जागी ठेवल्याने संरक्षण सुधारतं, असं कितीदा तरी होतं.

आता त्या मानेकडे वळू. वॉल्युमेट्रिक फ्लास्कचा भार फुग्यात असतो, मान लांब आणि बारीक. गुंडाळणाऱ्याचा हात साहजिकच मानेकडे जातो, कारण तीच नाजूक दिसते. पण मान आवळून बांधली आणि फुगा सैल राहिला, तर खोका आडवा पडताच मान जागच्या जागी अडते, फुगा पुढे जाऊ पाहतो आणि सगळा ताण दोघांच्या जोडावर येतो. धरायचा तो फुगा. मानेला चहूबाजूंनी मोकळी जागा हवी. फोमच्या सुट्या दाण्यांचा दोष तर याहून मोठा आहे. प्रवासातल्या हादऱ्यांनी दाणे सरकतात आणि जड वस्तू हळूहळू खाली उतरून खोक्याच्या भिंतीला टेकते.

काचेचा स्वभावही समजून घ्यायला हवा. प्रयोगशाळेतली बोरोसिलिकेट काच उष्णतेने कमी प्रसरण पावते, म्हणून तापमानाचा झटका ती सहन करते. आघाताच्या बाबतीत मात्र ती इतर काचेसारखीच ठिसूळ. 1920 च्या सुमारास इंग्लंडमध्ये ए. ए. ग्रिफिथ यांनी काचेच्या अगदी बारीक तंतूंवर काम करून दाखवलं की काच तुटते ती पृष्ठभागावरच्या सूक्ष्म चिरांमुळे. चिरेच्या टोकाशी ताण एकवटतो आणि तिथूनच तडा धावतो. म्हणून दोन फ्लास्क प्रवासभर एकमेकांवर घासत राहिले, तर ते फुटले नाहीत तरी कमजोर होऊन पोचतात. असा ओरखडा डोळ्याला दिसत नाही आणि पुढे त्याच भांड्यात कुणी निर्वात केलं, तर ते आत कोसळून काच चेहऱ्यावर उडू शकते. त्यामुळे मला काचेला काच लागू न देणारा साधा पुठ्ठ्याचा पडदा सगळ्यात मोलाचा वाटतो. त्याला खर्च नगण्य आणि कचराही जवळजवळ नाही.

या पुठ्ठ्याची कुळकथा मला फार आवडते. नालीदार कागद आधी उंच टोप्यांच्या अस्तरासाठी वापरला गेला, त्याचं पेटंट इंग्लंडमध्ये 1856 मध्ये निघालं. 1871 मध्ये अमेरिकेत अल्बर्ट जोन्स यांनी तो बाटल्या आणि दिव्यांच्या काचा गुंडाळण्यासाठी आणला. म्हणजे आजच्या खोक्याचा हा पूर्वज पॅकिंगमध्ये आला तोच काचेसाठी. कागदाच्या लगद्यापासून साच्यात घडवलेला ट्रेही त्याच घराण्यातला. अंड्याच्या ट्रेसारखा तो वस्तूच्या आकारात बसतो, आपटला की त्याच्या पोकळ भिंती चेपतात आणि धक्का जिरवतात. रिकामे ट्रे एकात एक बसतात, त्यामुळे परत पाठवणं परवडतं. थर्माकोलची अडचण नेमकी इथे आहे: त्यात साधारण 98 टक्के हवाच असते, म्हणून पुनर्वापरासाठी गोळा करायला गेलं तर गाडीभर हवा वाहून न्यावी लागते. शेतीतल्या काडीकचऱ्यात बुरशीचे तंतू साच्यात वाढवून केलेलं पॅकिंगही आता मिळतं.

मात्र ‘नैसर्गिक’ म्हणजे ‘सुरक्षित’ असं मानू नये. 3 नोव्हेंबर 1973 रोजी बॉस्टनला एक मालवाहू विमान कोसळलं, तिन्ही कर्मचारी गेले. विमानात नाइट्रिक आम्लाच्या बाटल्या लाकडी भुशात भरलेल्या होत्या. गळलेलं आम्ल भुशाशी पेटलं आणि धुराने कॉकपिट भरलं असावं, असा तपासकर्त्यांचा निष्कर्ष होता. अशा तीव्र ऑक्सिडीकारकांसाठी, म्हणजे दुसऱ्या पदार्थांना पेटवू शकणाऱ्या रसायनांसाठी, व्हर्मिक्युलाइटसारखी न जळणारी खनिज भरण योग्य, ती गळती शोषूनही घेते. निर्जंतुक वस्तूंचं आतलं आवरण तर काढताच येत नाही. पुठ्ठ्याचे तंतू धूळ टाळणाऱ्या स्वच्छ कक्षात चालत नाहीत आणि दमट हवेत पुठ्ठा स्वतःच मऊ पडतो. बचत करायची ती बाहेरच्या थरांत.

आणि बचतीला वाव मोठा आहे. एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी 2015 मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार, जगातल्या जीवविज्ञान प्रयोगशाळांतून 2014 मध्ये सुमारे 55 लाख टन प्लॅस्टिक कचरा निघाला. त्यात पॅकिंग हा एक भाग.

थर किती काढता येतील, हे अंदाजाने ठरवू नये. एका प्रचलित चाचणीत भरलेला खोका दहा वेळा पाडतात: एकदा कोपऱ्यावर, मग त्या कोपऱ्यातून निघणाऱ्या तीन कडांवर आणि शेवटी सहाही बाजूंवर. नंतर खोका उघडून एकेक फ्लास्क उजेडासमोर फिरवायचा, मानेच्या मुळाशी बोट फिरवून बघायचं. सगळं शाबूत असेल, तर पॅकिंगचा एक थर काढायचा, खोका बंद करायचा आणि पुन्हा कोपऱ्यापासून सुरुवात करायची.