गोचीड ताप आणि कोकणातील संकरित गाय : पार्श्वभूमी

गुरांच्या रक्तातला परजीवी गोचिडांमुळे पसरतो, हे अमेरिकेतील टेक्सास तापाच्या अभ्यासातून १८९३ मध्ये सिद्ध झाले, आणि गोचीड ताप घडवणाऱ्या थायलेरिया ॲन्युलाटा या परजीवीचे वर्णन १९०४ मध्ये झाले. कोकणात मात्र हा आजार गोठ्याचे अर्थकारण मोडण्याइतका गंभीर ठरला तो संकरित गायी आल्यानंतर. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या खडकाळ पठारावर, चरणारी, लहान चणीची गावठी गाय, जिला अलीकडे कोकण कपिला या नावाने स्वतंत्र जातीची मान्यता मिळाली, वासरूपणापासून गोचीड अंगावर घेत वाढते आणि लागण झाली तरी बहुधा तगते.

१९७० नंतरच्या दूधवाढीच्या धोरणात जर्सी आणि होल्स्टीन वळूंचे रेत गावोगाव पोहोचले. त्याचे समर्थन करणाऱ्यांचा मुद्दा खोटा नव्हता, कारण दिवसाला लिटर-दोन लिटर दूध देणाऱ्या गायीवर कुटुंब चालत नाही. पण विदेशी रक्ताचा अंश वाढला की या परजीवीशी झुंजण्याची ताकद घटते, ही बाब जाणकारांना तेव्हाही ठाऊक होती. घाटावरून आणलेली गाय प्रवासाने थकलेली असते, त्यात पाऊस लागतो. अशा वेळी अंगात दडलेली लागण उसळते, खांद्यापुढची गाठ सुजते, ताप १०५-१०६ अंश फॅरनहाइटवर जातो आणि डोळ्यांच्या पापण्या आतून पांढऱ्या पडतात. अशी गाय दगावली की दोष गोठ्याच्या स्वच्छतेवर टाकला जातो, आणि हे अन्यायाचे आहे. वाहक असलेले हायलोमा गोचीड भिंतींच्या भेगांत दडतात. जांभ्याच्या चिऱ्यांना गिलावा नसेल, तर केवळ जनावराच्या अंगावर औषध फवारून ते संपत नाहीत.

संकराचा निर्णय एक वेळ मान्य करता येईल, पण गाय दिली तेव्हाच लस आणि भिंतीच्या गिलाव्याचा खर्च दिला नाही, याचे समर्थन होऊ शकत नाही. ही जिवंत लस द्रव नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते आणि वितळल्यावर लगेच टोचावी लागते. विखुरलेल्या वाड्यांत एकेक गाय असलेल्या शेतकऱ्यापर्यंत ती पोहोचणे म्हणूनच अवघड आहे. १९८० च्या दशकाअखेर आलेल्या बुपार्वाक्वोन या औषधाने लवकर निदान झालेल्या अनेक गायी वाचतात, मात्र ट्युनिशिया आणि इराणमध्ये त्याला न जुमानणारे परजीवी आढळले आहेत. त्यात, पूर्वी निरुपद्रवी समजला जाणारा थायलेरिया ओरिएंटॅलिस हा त्याच कुळातला दुसरा परजीवी पश्चिम घाटाच्याच पट्ट्यातील केरळात गुरे आजारी पाडताना दिसला असून, ॲन्युलाटाची लस त्याच्यावर चालत नाही.